छायाचित्रांतील निर्मनुष्य रस्ते

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या पॅरिस शहराची रंगीत छायाचित्रे आज पाहावयास मिळतात. भिंतींवरील भडक जाहिराती आणि दुकानांच्या रंगविलेल्या पाट्या त्यांत स्पष्ट दिसतात. परंतु रस्त्यांवर माणसे मात्र थोडीच आढळतात. एवढ्या गजबजलेल्या शहरातील माणसे गेली कोठे? याचे उत्तर छायाचित्रणाच्या तंत्रात आहे.

ही छायाचित्रे ‘ऑटोक्रोम’ पद्धतीची आहेत. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी शोधलेल्या या पद्धतीच्या काचा १९०७ मध्ये बाजारात आल्या. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरवा व जांभळा अशा तीन रंगांत रंगवून त्यांचा थर काचेवर पसरीत. कणांमधील फटी काजळीने बुजवून वर प्रकाशाने पालटणारा रासायनिक लेप देत. प्रकाश या कणांतून गाळला जाऊन लेपापर्यंत पोहोचे. तयार काच उजेडासमोर धरली, की असंख्य रंगीत ठिपके एकमेकांत मिसळल्यासारखे वाटत आणि मूळ दृश्याचे रंग प्रकट होत. मात्र हेच कण पुष्कळसा प्रकाश अडवीत. त्यामुळे भर उन्हातही चित्र टिपण्यास सुमारे एक सेकंद लागे. सावलीच्या गल्लीत त्याहून अधिक. तेवढ्या वेळात स्थिर उभा असलेला माणूस स्पष्ट उमटे. चालणारा पुसट होई किंवा नाहीसाच होई.

त्रिमितीय छायाचित्रणाची गोष्ट निराळी होती. आपल्या दोन डोळ्यांना एकच दृश्य किंचित वेगळे दिसते आणि त्या फरकातून मेंदूला खोलीची जाणीव होते. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये मांडले. दोन भिंगांनी टिपलेली दोन चित्रे स्टिरिओस्कोपमधून पाहिली, की रस्ता दूरवर गेलेला भासतो. ही चित्रे आकाराने लहान असत व त्यांच्या भिंगांमधून भरपूर प्रकाश मिळे, म्हणून ती झटपट टिपता येत. त्यामुळेच १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील धावत्या घोडागाड्या व पादचारीही चित्रबद्ध झाले, पण रंगांवाचून.

अल्बेर कान या फ्रेंच धनिकाने दोन्ही पद्धतींचा उपयोग केला. जगातील जुन्या जीवनपद्धती लोप पावत आहेत, हे ओळखून त्यांनी १९०९ पासून देशोदेशी छायाचित्रकार पाठविले. त्यांपैकी स्तेफान पासे हे १९१३-१४ मध्ये भारतातही आले होते. १९२९ च्या आर्थिक संकटाने कान यांची संपत्ती लयास नेली, आणि १९३१ मध्ये हे कार्य थांबले. तोपर्यंत सुमारे ७२,००० ऑटोक्रोम व ४,००० त्रिमितीय चित्रे जमा झाली होती. पॅरिसजवळील संग्रहालयात ती जतन केलेली आहेत.

रंगीत चित्रांत थांबू शकणारा उरला. ओझे वाहणारा हमाल किंवा घाईने कामावर निघालेली बाई अनेकदा निसटली. म्हणून जुने छायाचित्र पाहताना त्यात काय दिसते, एवढेच पाहून भागत नाही. काय टिपता आले नसेल, याचाही विचार करावा लागतो.