रिकाम्या हिवाळ्याची गोष्ट

बाळांनो, आज तुम्हाला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर नेतो. व्हँकुव्हर बेटाच्या आडोशाला ब्रॉटन नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथल्या नद्यांत गुलाबी सॅमन मासा जन्मतो. वसंत ऋतूत त्याचं पिल्लू समुद्राकडे निघतं. केवढं असतं ते? जेमतेम साडेतीन सेंटिमीटर! वजन ग्रॅमभरही नाही, अंगावर खवले नाहीत.

त्याच समुद्रात राहते समुद्री ऊ. नावाला ऊ, पण ती कोळंबी-खेकड्यांच्या गोतातली. सॅमनला चिकटायचं आणि त्याची कातडी, रक्त खायचं, हा तिचा उद्योग. मादीच्या मागे अंड्यांचे दोन लांब दोरे लोंबतात, त्यांत शेकडो अंडी. मोठ्या माशाला दोन-चार उवांचं काही वाटत नाही. पिल्लाचा मात्र एक-दोन उवाही जीव घेऊ शकतात.

मग हजारो वर्षं ही पिल्लं तगली कशी? ऐका. शरदात मोठे सॅमन अंडी घालायला नदीत शिरतात. गोडं पाणी उवांना सोसत नाही. त्या गळून मरतात. अंडी घालून मासेही नदीतच देह ठेवतात. मग हिवाळाभर किनाऱ्यालगत उवांना चिकटायला फारसं कुणी उरतच नाही. वसंतात पिल्लं उतरतात, तेव्हा वाट जवळजवळ निर्धोक!

माणसाने मासे पाळायला नेमके याच वाटेवर जाळ्यांचे पिंजरे टाकले. त्यांत अटलांटिक सॅमन, लाखोंनी आणि बारा महिने. उवांसाठी हे सदावर्तच झालं. जाळ्यातून पाणी आरपार वाहतं; त्याबरोबर उवांची पिल्लं, विष्ठा, उरलेलं खाद्य, रोगजंतू, सगळं बाहेर येतं. उवांवर औषध द्यावं, तर तेही समुद्रात उतरतं आणि कोळंबी-खेकड्यांना बाधू शकतं. गोत एकच ना!

ऑर्का देवमाशांचा अभ्यास करायला आलेल्या अलेक्झांड्रा मॉर्टन यांना २००१ साली ब्रॉटनमध्ये उवांनी पछाडलेली पिल्लं दिसली. पुढच्याच वर्षी परतणारे गुलाबी सॅमन कमालीचे घटले. दोष उवांचा किती, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. अखेर २०२४ मध्ये कॅनडा सरकारने ठरवलं, की ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रातली उघड्या जाळ्यांची सॅमनशेती जून २०२९ अखेर बंद करायची.

मासे पाळू नयेत, असं मी म्हणत नाही. बंदिस्त टाक्यांत पाळावेत, खर्च वाढला तरी. कारण तो रिकामा हिवाळा हीच पिल्लांची ढाल आहे, आणि ती मोडायचा हक्क आपल्याला नाही.