सहरीची गोळी इफ्तारपर्यंत पुरत नाही

भंडारदऱ्यात मार्चमध्येही पहाटे अंगावर शाल लागते. धरणाकडून गार वारा येतो, शेंडी गाव अजून झोपेत असतं आणि रोजेदारांच्या घरात मात्र चुलीवर चहा उकळत असतो. सहरीच्या ताटात भाकरी, दही, दोन खजूर, पाण्याचा तांब्या. आणि बऱ्याच घरांत तांब्याशेजारी आणखी एक वस्तू दिसते, गोळ्यांची पट्टी. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. अजान व्हायच्या आत घाईघाईने गोळी गिळली जाते. एकीऐवजी दोन. "दिवसभर पुरायला पाहिजे ना!"

आमच्या अब्बांचं हेच गणित होतं. गुडघेदुखी जुनी. रक्तदाबाची गोळी रोजची, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं. काही वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये त्यांनी दुकानातून दुखण्याची गोळी आणली आणि रोज सहरीला दोन-दोन घ्यायला लागले. कुणाला सांगितलं नाही. तरावीहची नमाज उभ्याने पढता येते, याचाच त्यांना आनंद होता. आठवडाभरात पाय सुजले, लघवी कमी झाली, मळमळ सुरू झाली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "चाचा, रोजा आणि ही गोळी, दोन्ही एकत्र चालणार नाही. मूत्रपिंडाला तहान लागलीय आणि तुम्ही त्याच्यावर ओझं टाकताय."

वेळेवर कळलं म्हणून अब्बा बचावले. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात राहिली आहे. ज्या गोळीला आपण 'साधी' म्हणतो, ती पोट भरलेल्या आणि पाणी प्यायलेल्या माणसासाठी साधी असते. उपाशी, तहानलेल्या शरीरात तिचा हिशोब बदलतो.

आधी दोन जातींतला फरक समजून घेऊ. पहिली जात पॅरासिटामॉलची. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं वेगळी, आतलं औषध एकच. ताप आणि साध्या दुखण्यावर चालतं, पोटाला फारसं लागत नाही. भीती असते ती यकृताची. दुसरी जात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड यांची. सूज आणि सांधेदुखीवर या गोळ्या जोरदार चालतात, पण जठराचं आतलं अस्तर खरवडतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. रिकाम्या पोटी त्यांनी जळजळ होते, कधी अल्सर होतो, रक्तस्रावही होतो. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली की झालं, असा एक समज आहे. ती गोळी पोट थोडंफार वाचवते. मूत्रपिंडाला तिचा काहीच उपयोग नाही.

आता सहरीच्या गणिताकडे येऊ. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास राहतो. मार्चमधला रोजा सुमारे 13 तासांचा. पहाटे दोन गोळ्या घेतल्या म्हणून दुपारचं दुखणं थांबत नाही. औषध शरीरात साठवून ठेवता येत नाही, ते आपल्या वेळेला उतरतंच. वाढतो तो फक्त धोका. हे खजुरासारखं नाही की दोन जास्त खाल्ले म्हणजे ताकद जास्त टिकली.

मोठ्या निरोगी माणसासाठी पॅरासिटामॉलची वरची मर्यादा 24 तासांत 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या किंवा 650 च्या सहा. ही शेवटची रेषा आहे, रोजचं प्रमाण नव्हे. वजन 50 किलोच्या आत असेल, यकृताचा आजार असेल, दारूची सवय असेल किंवा अनेक दिवस नीट जेवण नसेल, तर ही रेषा बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी चार तास, 650 ची असेल तर सहा तास जावे लागतात. रोजेदाराच्या हातात रात्रच असते. गरज पडलीच तर इफ्तारचं जेवण झाल्यावर एक आणि सहरीला एक, एवढ्यात बहुतेक साधी दुखणी निभतात. न निभल्यास गोळी वाढवू नये, दुखणं दाखवावं.

खरी फसगत होते ती नावांमुळे. डोकं दुखतं म्हणून डोलो, अंग दुखतं म्हणून कॉम्बिफ्लॅम आणि नाक गळतं म्हणून सर्दीची गोळी. घेणाऱ्याला वाटतं, तीन दुखण्यांवर तीन औषधं घेतली. कॉम्बिफ्लॅममध्ये 400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. एकच औषध तीन दारांनी आत गेलं. म्हणून पट्टी घेताना मोठं नाव वाचू नका, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. पट्टी कापून दोनच गोळ्या दिल्या असतील, तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढा तिचा साधा अर्थ.

आपल्या भागात हे जास्त सांगावं लागतं, कारण डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर औषधाचं दुकान नसतं. 1000 पर्यंत लोकवस्तीच्या गावात किराणा दुकानदाराने औषधाच्या परवान्याशिवाय पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिनसारखी मोजकी घरगुती औषधं विकायला कायद्याने मुभा आहे. ती मुभा डायक्लोफिनॅक किंवा निमेसुलाइडला नाही. निमेसुलाइड तर 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायला 2011 पासून बंदी आहे आणि 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रेच्या त्याच्या साध्या गोळ्यांवर डिसेंबर 2025 मध्ये बंदी आली. तरीही "अंगदुखीची द्या" म्हटलं की जे हाताला येईल ते मिळतं.

आणि हा प्रश्न काही एकट्या रोजेदाराचा नाही. आषाढात भातखाचरात दिवसभर वाकून आवणी करणाऱ्या बायका संध्याकाळी हीच गोळी घेतात आणि दुसऱ्या दिवशी चहावर पुन्हा चिखलात उतरतात. सुटीच्या दिवशी बारी गावातून 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईवर चढणारी शहरातली पोरं पाण्याची बाटली संपल्यावर गुडघ्यासाठी हीच गोळी चघळतात. महाशिवरात्रीला किंवा एकादशीला निर्जळी करणारी आजी डोकं दुखलं की हीच गोळी मागते. रोजा असो, उपवास असो की डोंगर, रिकामं पोट आणि आटलेलं पाणी यांना धर्म नसतो.

मूत्रपिंडाचं काय होतं, याची एक खूण आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरच आहे. एकेकाळी मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरत. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक त्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि थवेच्या थवे संपले. 2006 मध्ये भारतात गुरांसाठी हे औषध वापरायला बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, योग्य मात्रेत त्याला हे औषध चालतं. पण ते कुठल्या अवयवावर घाव घालू शकतं, हे त्या ओस पडलेल्या कड्यांनी सांगून ठेवलं आहे.

म्हणून काही जणांनी ही दुसऱ्या जातीची गोळी मनाने घेऊच नये. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, रक्त पातळ करणारं औषध घेणारे, पूर्वी अल्सर झालेले, दम्याचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया. ताप डेंग्यूचा असेल अशी शंका असली तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो; पॅरासिटामॉलच, तेही मोजून. मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये, त्यांची मात्रा वजनावर ठरते.

चुकून जास्त गोळ्या गेल्या, तर माणूस बरा दिसतोय म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलचा मार पहिल्या दिवशी नुसत्या मळमळीसारखा वाटतो, यकृताचं नुकसान दोन-तीन दिवसांनी समोर येतं. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगलं काम करतो. काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

रमजानच्या पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी बहुतेक वेळा चहाची असते. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचा चहा एकदम तुटला की डोकं ठणकतं. रमजानच्या आधी आठवडाभर एकेक कप कमी करत आणावा. इफ्तार ते सहरी थोडं थोडं पाणी पीत राहावं, सहरी चुकवू नये, इफ्तारला भज्यांवर तुटून पडू नये. निम्म्या गोळ्यांची गरजच उरत नाही.

आणि तरीही दुखणं हटत नसेल तर? कुरआनने रोजाचा हुकूम दिला, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही दिली. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. ज्याचा आजार कायमचा आहे, त्याने एका रोजामागे एका गरजवंताला जेवू घालावं, त्याला फिद्या म्हणतात. सवलत घेणं म्हणजे हार नव्हे, तोही हुकूम पाळणंच आहे.

अब्बांना हे पटायला वेळ लागला. पहिल्या दिवशी दुपारी गोळी आणि पाण्याचा पेला हातात घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, कुणी पाहू नये म्हणून. आता ते अंगणात बसून पाणी पितात. संध्याकाळी मात्र इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी हजर असतात आणि शेजारचे काका खजूर उचलण्याआधी विचारतात, "चाचा, गोळी जेवल्यावर ना?"