घरच्या घरी फितीची वेणी

ऊस, खत, पाणी यांबद्दल या पानांवर पुष्कळ येते. आज जरा माजघरात डोकावू.

शाळेच्या स्नेहसंमेलनात आमची धाकटी नाचणार होती. तिला वेणी हवी होती. ऊस अजून फडात उभा. आम्ही सवयीने म्हणालो, "बिल आल्यावर बघू." पोरगी काही बोलली नाही, पण जेवलीही नाही. मग मातोश्रींनी ट्रंकेतला शिवणाचा डबा काढला.

एक इंच रुंदीची साटिनची फीत घ्या. वीतभर लांबीचे ५ तुकडे कापा. टोके मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरा. कड वितळून बसते, धागे सुटत नाहीत. ज्योतीत घालू नका. आम्ही घातला, पहिला तुकडा काळा झाला! हे काम मोठ्यांनीच करावे. सुती फीत मात्र जळते. तिची कड दुमडून शिवावी.

आता तुकड्याच्या एका काठाने धावदोरा घाला नि दोरा ओढा. चुण्या पडून फूल गोल होते. टोके जोडून शिवा, मधोमध मणी बसवा. खणाची वीतभर लांब, बोटभर रुंद दुहेरी पट्टी करून तिच्यावर फुले खेटून टाचा. आकडे अडकवायला दोन्ही टोकांना दोऱ्याचे फासे ठेवा.

रात्री दहाला वेणी झाली. पोरीने ती उशाशी घेऊन झोप काढली. पुढे बिलही आले. बाजारातली वेणी आणू का विचारले तर म्हणते, "नको, फीत आणा. मैत्रिणींना शिकवायचीय."

भगिनींनो, डबा उघडाच. आणि बंधूंनो, "बिल आल्यावर" म्हणण्याआधी त्यात एकदा डोकवा.