न्यूयॉर्क नक्की किती तास?

ऑनसाइटचं फायनल झालं की घरून पहिला प्रश्न येतो, 'विमानात किती तास?' आपण तिकीट बघून ठोकून देतो, 'सोळा!' पण हा आकडा भलताच लवचिक आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं तर वाट अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं. पण घरातल्या फुटबॉलवर दोरा ताणून बघा. जवळची वाट वर, उत्तरेकडे वळते. रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँडजवळून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला आणि मग खाली न्यूयॉर्क!

ताशी नऊशेच्या वेगानं हे अंतर चौदा तासांत संपायला हवं. मग सोळा कसे? वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम. जाताना तो समोरून अडवतो, येताना मागून ढकलतो. म्हणून परतीचा प्रवास तास-दीड तासानं आटोपतो. (बॉसला हे सांगून पाहा, सोमवारची सुट्टी मात्र मिळणार नाही.)

वाऱ्यापेक्षा राजकारण जास्त वेळ खातं. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना वाट बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

आणि स्टॉपओव्हर? मुंबई-लंडन-न्यूयॉर्क असं गेलात तर एकूण अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरनं वाढतं. म्हणजे हवेतला पाव तास! बाकीचे पाच-सहा तास जातात ते जमिनीवर, सिक्युरिटीच्या रांगेत आणि महागड्या कॉफीत. स्वस्त तिकिटात आपण हेच तास विकत असतो. फिरायला निघालात तर खुशाल विका.

पण रात्री दोनला भावाचा फोन येतो, 'बाबांना आयसीयूत हलवलंय, निघ.' तेव्हा भाडं नंतर बघा, आधी घरी पोचायची वेळ बघा. हिशेब असा. हिवाळ्यात आपलं घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीतल्या शुक्रवारी दुपारी एकला थेट विमान पकडलंत, तर शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास मुंबईत. इमिग्रेशन, बॅगा, एक्स्प्रेस वे धरून कोथरूडला रात्रीचे आठ. भावाला हीच वेळ सांगा, लँडिंगची नको.

अशा वेळी दोन कंपन्यांची सुटी तिकिटं जोडून पैसे वाचवायचा मोह होतो. पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि नवं तिकीटही देत नाही. एकाच बुकिंगवरचं कनेक्शन चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असते. पैसे भरण्याआधी एवढं एक तपासून घ्या.