साल ठरवा, मग भोवरे आणा

'रेट्रो पार्टी करू या' असं कुणीतरी ग्रुपवर टाकतं आणि दहा मिनिटांत सगळं ठरून जातं: बेलबॉटम, अमिताभचं पोस्टर, दोऱ्याला टांगलेल्या कॅसेट, कोपऱ्यात आजोबांचा ट्रान्झिस्टर. फोटो झकास येतात. साडेसात वाजता मात्र मंडळी खुर्च्या पकडून बसतात आणि आपापल्या मोबाइलमध्ये शिरतात, कारण बघायला खूप असतं आणि करायला काहीच नसतं. सोलापुरात साठी, दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर, लग्नाचा पंचविसावा-चाळिसावा वाढदिवस अशा निमित्तानं या पार्ट्या होतात. त्यातले खेळ कसे आखावेत, एवढंच इथे सांगायचं आहे.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. 'जुना जमाना' नावाचं साल कॅलेंडरात नाही. ज्याच्यासाठी पार्टी आहे तो माणूस बारा वर्षांचा कधी होता, ते साल काढा. १९६६चा जन्म असेल तर साठी २०२६ला येते आणि आपलं साल निघतं १९७८. आता त्या सालाच्या चाळणीतून प्रत्येक गोष्ट गाळायची. 'रामायण' मालिका सुरू झाली १९८७च्या जानेवारीत, म्हणजे ती बाद. रंगीत टीव्ही आला १९८२च्या एशियाडला, मारुती ८०० आली १९८३च्या अखेरीस, दोन्ही बाद. मुंबईत दूरदर्शन १९७२पासून होतं खरं, पण देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली ती १९८४च्या आसपास. तेव्हा १९७८च्या सोलापुरी पोराचं मनोरंजन म्हणजे रेडिओ, टॉकीज आणि गल्ली. पेयांतसुद्धा गंमत आहे. कोका-कोला १९७७मध्ये देशातून गेलं ते १९९३ला परतलं, त्यामुळे त्या साली टेबलावर थम्स अप आणि गोटी सोडाच शोभतो. वाचनात 'चांदोबा' आणि १९७१ला सुरू झालेला 'किशोर'. 'शोले' तीन वर्षांपूर्वीचा, दादा कोंडक्यांचा 'राम राम गंगाराम' आदल्या वर्षीचा.

हा काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. पण पाहुण्यांच्या हातांना जे येतं तेच खेळायला द्यायचं असेल तर साल चुकवून चालत नाही. १९७८च्या मुलाला भोवरा येतो, व्हिडिओ गेम येत नाही. साल पुढे सरकलं की हे बदलत जातं.

दुसरं काम आराखड्याचं. बहुतेक जण पार्टी शाळेच्या गॅदरिंगसारखी आखतात: माइक, सूत्रसंचालक, एकामागून एक आयटम. सोलापूरकरांजवळ याहून चांगला नमुना आहे, तो म्हणजे गड्डा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत जानेवारीत होम मैदानावर भरणारा गड्डा कुणीही 'सुरू झाला' म्हणून पाहत नाही. आपण जाऊ तेव्हा तो चालू असतो. पाळणे, रिंगा, बंदुकीनं फुगे फोडणं. हवं तिथे थांबायचं, कंटाळा आला की पुढे. पार्टी अशी आखली की उशिरा आलेल्याचं काही बुडत नाही, गुडघेदुखीवाला बसून खेळू शकतो आणि नातवंडांनाही जागा मिळते. कडेनं पाच-सहा स्टॉल, मध्ये मोकळी जागा, आणि साऱ्या संध्याकाळीत सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ फक्त तीन. त्याहून जास्त ठेवले की सूत्रसंचालकाचा घसा बसतो आणि लोक वैतागतात.

स्टॉल चालायला नाणी लागतात. प्रत्येकाला दारातच आठ आणे द्या, पुठ्ठ्याचे. पाच पैसे चौकोनी, गोल कोपऱ्यांचे. दहा पैसे कंगोरेदार काठाचे. चार दहाचे आणि दोन पाचचे, झाले पन्नास. खेळ पाच पैशांना, जिंकलं की दहा परत. चाळीस माणसांसाठी १६० कंगोरेदार आणि ८० चौकोनी तुकडे कापावे लागतात. पुठ्ठ्याला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून मग कापले तर हुबेहूब वाटतात. खरी जुनी नाणी वापरायच्या फंदात पडू नये. ती पुरत नाहीत आणि हरवली की मालक पार्टीभर तोंड पाडून बसतो.

रिंग फेकण्याचा स्टॉल सगळ्यात जास्त चालतो, पण त्याचं माप जमावं लागतं. बागेच्या पाइपचे तुकडे वाकवून, आत काडी घालून जोडले की रिंग तयार. रिंगेचा आतला व्यास वस्तूपेक्षा दोन बोटं मोठा ठेवायचा. जत्रेतला दुकानदार तो जेमतेम ठेवतो, म्हणून तिथे कुणाला काही लागत नाही. आपल्याला लोकांना लुटायचं नाहीये. वस्तू म्हणून सोलापुरी नॅपकिनच्या गुंडाळ्या, शेंगाचटणीच्या बरण्या, कंगवे, लिमलेटच्या गोळ्यांचे डबे. मागच्या भिंतीवर सोलापुरी चादर ताणून लावा, नेम चुकलेल्या रिंगा तिला लागून खाली पडतात आणि शोधत हिंडावं लागत नाही.

सागरगोट्यांना सतरंजी आणि पाच गोटे एवढंच लागतं. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि पडणारा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. सागरगोटे आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतात. नाही मिळाले तर गुळगुळीत खडे चालतील, पण प्लास्टिकचे मणी नकोत, ते उड्या मारतात. या सतरंजीवर साठीच्या बायकांपुढे कुणाचं काही चालत नाही. कॉलेजातली नात पहिल्याच फेरीला गळते आणि आजी बोलता बोलता, तिकडे न बघता, चौथीला पोचलेली असते.

आता भोवरा. हा स्टॉल नीट लावला तर पुरुषमंडळी तिथून हलत नाहीत. वाईट लावला तर दहा मिनिटांत ओस पडतो. बाजारातून आणलेला भोवरा आधी दोन तळव्यांत धरून फिरवून पाहा. खालचा खिळा, म्हणजे आर, मध्यावर नसेल तर तो हातातच लटपटतो. असा भोवरा परत करा. सोबत मिळणारी नायलॉनची दोरी फेकून द्या, ती लाकडावरून सटकते. सुती जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, घ्या, एका टोकाला गाठ मारा आणि वापरायच्या आधी किंचित ओली करा, म्हणजे धरून बसते. जाळी आरेपासून सुरू करून वर वर, एकाला एक चिकटून गुंडाळायची; मध्ये फट राहिली की भोवरा आडवा पडणार. दुसरं टोक बोटात अडकवायचं आणि हात पुढे टाकून झटक्यानं मागे ओढायचा. पहिल्या दोन-तीन फेकी सगळ्यांच्याच वाया जातात. चौथ्या वेळी मनगटाला आठवतं. मग 'बघ की बे!' सुरू होतं आणि कुणीतरी फिरता भोवरा तळहातावर घेऊन दाखवतो. हॉलमध्ये पार्टी असेल तर फरशीवर प्लायवूडचा तुकडा टाका. चकचकीत टाइलवर आर घसरते, ओरखडे पडतात आणि अनामत रक्कम हॉलवाल्याकडेच राहते.

विटीदांडू मात्र ठेवू नये. गर्दी, संध्याकाळचा उजेड आणि उडणारी विटी. डोळ्याची दुखापत व्हायला एवढं पुरे आहे. हौस असेल तर टेबलावर मांडून ठेवा, लोक हातात घेऊन फोटो काढतील.

मधल्या जागेतला पहिला खेळ लगोरी. सात लगोऱ्या शहाबादी फरशीच्या तुकड्यांच्या करा, मोठीपासून लहानपर्यंत, कडा घासून. सोलापुरात ही फरशी घराघरात असायची, तुकड्यांना तोटा नाही. मूळ खेळात चेंडूनं लगोरी फोडायची आणि समोरचे अंगावर चेंडू मारून बाद करतील त्याच्या आत ती पुन्हा रचायची. साठीच्या माणसांना पळवणं आणि चेंडूनं हाणणं दोन्ही बरं नव्हे. म्हणून एक बदल करावा. फोडणाऱ्या गटातले दोघे लगोरी रचतील. तेवढ्यात दुसऱ्या गटानं गोलात उभं राहून चेंडू प्रत्येकाच्या हातातून फिरवून पहिल्याकडे परत आणायचा. खाली पडला तर पहिल्यापासून. नऊ-दहा जणांचा गोल आणि दोघांमध्ये दोन पावलांचं अंतर ठेवलं की चुरस बरोबरीची होते. चेंडू स्पंजाचा किंवा चिंध्यांचा.

गट पाडायला चिठ्ठ्या नकोत. 'लहानपणी कुठल्या पेठेत राहात होता?' एवढं विचारा. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. या गावात वारांच्या पेठांना कमी नाही, शिवाय साखर पेठ, भवानी पेठ, कसबा आहेतच. पेठेचं नाव निघालं की निम्मी ईर्षा आपोआप तयार होते. सुनांना आणि जावयांना त्यांच्या माणसाच्या पेठेत घाला.

आणि खेळ सुरू करायला शिट्टी वापरू नका, भोंगा वापरा. १८७७ला 'जुनी मिल' ही गिरणी उभी राहिली तेव्हापासून कित्येक पिढ्या सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठलं, जेवलं आणि कामाला गेलं. १९७८ला जुनी मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण दुसऱ्या गिरण्या चालू होत्या. मोबाइलवर सायरनचा लांब आवाज शोधा आणि स्पीकरला जोडा. पहिला भोंगा म्हणजे स्टॉल सोडून मध्ये या. पाच मिनिटांनी दुसरा, खेळ सुरू. तिसरा, पाळी सुटली. हे एकदा सांगितलं की संध्याकाळभर कुणाला ओरडून बोलवावं लागत नाही.

दुसरा सामूहिक खेळ रेडिओचा, आणि त्याची तयारी पंधरा दिवस आधी पोस्टात होते. आमंत्रण पोस्टकार्डावर लिहून पाकिटातून पाठवा, सोबत आपला पत्ता लिहिलेलं एक कोरं कार्ड. त्यावर पाहुण्यानं त्या सालापर्यंतच्या एका गाण्याची फर्माईश लिहून परत टाकायची, घरातल्या सगळ्यांच्या नावांसकट. आजच्या झारखंडातलं झुमरीतलैया हे गाव अशा फर्माइशी धाडून धाडूनच देशभर माहीत झालं. आलेल्या कार्डांतून ज्या दहा गाण्यांना जास्त मतं ती आपली गीतमाला. १९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झालेली अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' बुधवारी रात्री आठला लागायची. त्याच चालीवर दहाव्या पायरीपासून वर चढत जायचं. निवेदकाला बोलायची हौस हवी, आवाज कसाही चालेल. प्रत्येक गाण्याचा गायकाच्या आधीचा तुकडा तेवढा वाजवायचा, गटांनी गाणं ओळखून पाटीवर लिहायचं आणि निवेदकानं फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायची. मंडळींना खरी मजा नावं ऐकण्यातच वाटते, त्यामुळे ती घाईनं उरकू नयेत.

साल १९८८चं निघालं तर या जागी कॅसेटची शर्यत बसवता येते. षटकोनी पेन्सिल कॅसेटच्या दातांत घट्ट बसते, बाहेर ओढलेली टेप फिरवून आत घ्यायची. फक्त टेप मोजून दोन मीटरच ओढा. साठ मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे नव्वद मीटर टेप असते, सगळी फिरवायला लावली तर पहाट होईल. आणि सर्व गटांच्या कॅसेट एकाच टोकाला असल्या पाहिजेत. रिकाम्या चाकावर दोन मीटरला अठ्ठावीसेक फेरे लागतात, भरलेल्या चाकावर बारा-तेरा. हे लक्षात ठेवलं नाही तर भांडण ठरलेलं.

तिसरा खेळ गाण्याच्या भेंड्या. इथे सोलापूरचा वेगळाच प्रश्न येतो, कारण एका सतरंजीवर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी हिंदी बोलणारी माणसं असतात. 'फक्त हिंदी-मराठी' असं ठरवलं की तेलुगू-कन्नड बोलणारी निम्मी दोस्तमंडळी गप्प बसतात. नियम असे करावेत: गाणं कुठल्याही भाषेतलं चालेल, पण विरुद्ध गटातल्या एकानं तरी 'हो, हे खरं गाणं आहे' म्हणायला हवं. शेवटचं अक्षर लिहिण्यावरून न धरता कानावरून धरायचं. ओळ स्वरावर संपली तर त्याच्या आधीचं व्यंजन. 'ळ' आला तर 'ल', 'ण' आला तर 'न'. हिंदी गाण्यांच्या बऱ्याच ओळी 'है'वर संपत असल्यानं 'ह'ची बेगमी प्रत्येक गटानं आधीच करून ठेवावी. विचार करायला वेळ वीस सेकंद, मोजायला एक शाळकरी मूल.

महिना कुठला? एप्रिल-मेच्या उन्हात सोलापुरात लगोरी म्हणजे शिक्षा. संक्रांतीच्या आसपास केलीत तर पुण्याला स्थायिक झालेले गड्ड्याच्या निमित्तानं गावी असतात आणि शेत जवळ असेल तर जेवणाच्या जागी हुरडा भाजता येतो. खाण्यात बाकी फार डोकं घालू नका: बोरं, चिंचा, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

वेळेचा क्रम असा ठेवा. पाचला स्टॉल उघडा, सहाच्या सुमारास उजेड आहे तोवर लगोरी, मग खाणं, आठला गीतमाला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून भेंड्या शेवटी. त्यांना माइक लागत नाही, वीज गेली तरी चालतात, आणि ज्यांना रात्रीची गाडी गाठायची आहे ते आपलं अक्षर दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मधूनच उठू शकतात.