वस्तीवरील कुत्रा : वर्तन आणि सौम्य शिक्षण

कुटुंबात राहणाऱ्या कुत्र्याच्या हालचाली, आवाज व सवयी यांचा अर्थ समजून घेऊन, मारहाण किंवा उपासमार न करता, योग्य वर्तनाला बक्षीस देत त्याला वळण लावण्याच्या पद्धतीस सौम्य शिक्षण असे म्हणतात. महाराष्ट्रातील अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) अनेक शेतकरी कुटुंबे गावठाणाबाहेर, शेतातील वस्त्यांवर राहतात. तेथे कुत्रा हौसेपेक्षा राखणीसाठी पाळला जातो. त्यामुळे त्याला साखळीने बांधणे, रात्रीचे भुंकणे, वाटसरूंवर धावून जाणे असे शहरी घरांहून वेगळे प्रश्न येथे उद्भवतात.

लोकजीवनातील स्थान

नेवासे तालुक्यातील देवगड हे दत्तक्षेत्र आहे. दत्ताच्या पायाशी असलेले चार कुत्रे हे चार वेदांचे प्रतीक मानले जातात. पारनेर तालुक्यातील कोरठण येथे खंडोबाचे देवस्थान असून कुत्रा हा खंडोबाचा सोबती समजला जातो. असे असूनही दारात आलेल्या कुत्र्याला ‘हाड’ म्हणून दगड भिरकावणे हीही येथील रोजचीच रीत आहे. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतील मेंढपाळांचा कुत्र्याशी संबंध याहून जवळचा असतो. मेंढरांमध्ये वाढलेले पिल्लू कळपाला आपलेच मानू लागते व मोठ्या कुत्र्यांच्या सोबतीने राखण शिकते.

देहबोली

कुत्रा मुख्यतः शरीराने बोलतो. शेपूट हलविणे म्हणजे आनंद, हा सर्वत्र आढळणारा समज अपुरा आहे. सैल अंगाने, कंबरेसह डोलणारी शेपटी स्नेह दर्शविते. परंतु ताठ उभी राहून थरथरणारी शेपटी ताण किंवा आव्हान दर्शविते. झोप आलेली नसताना जांभई देणे, ओठ चाटणे, मान वळविणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, एकाएकी निश्चल होणे ही अस्वस्थतेची लक्षणे होत. कुत्रा सहसा आधी ही लक्षणे दाखवितो, मग गुरगुरतो व शेवटी चावतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला काठीने मारल्यास त्याची भीती जात नाही, केवळ गुरगुरणे थांबते. पुढील वेळी तो सूचना न देताच चावू शकतो. म्हणून गुरगुरणे हा गुन्हा न मानता मागे सरावे आणि त्याला कशाचा त्रास होतो ते शोधावे.

घरात नासधूस केलेला कुत्रा कान पाडून ‘अपराधी’ चेहरा करतो, असे अनेकांना वाटते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असा चेहरा कुत्र्याच्या कृत्याशी नव्हे, तर मालकाच्या रागावण्याशी निगडित असल्याचे दिसून आले. म्हणजेच तासाभरापूर्वीच्या कृत्याबद्दल दिलेली शिक्षा कुत्र्याला कशाबद्दल आहे हे कळत नाही. लघवीत नाक घासण्याची प्रथाही याच कारणाने निरुपयोगी, शिवाय क्रूर आहे. पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर बाहेर नेणे हाच त्यावरील उपाय होय.

शिक्षण

सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा असतो. या काळात माणसे, मुले, गुरे, ट्रॅक्टरचा आवाज यांची भीती न वाटता ओळख झाल्यास पुढे तो कमी बुजतो. मात्र पिल्लाला फार लवकर आईपासून तोडू नये.

बक्षीस कृतीनंतर एक-दोन सेकंदांतच मिळावे. भाकरीचा चतकोर किंवा उकडलेल्या अंड्याचा कण पुरेसा असतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटे शिकविणे हे एकदाच तासभर शिकविण्यापेक्षा बरे. कुत्र्याला इंग्रजी आज्ञाच कळतात, ही समजूत हास्यास्पद आहे; ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ हे शब्द तो तितक्याच सहज शिकतो. अडचण निराळीच असते. आजोबा ‘बस’ म्हणतात, नातू ‘सिट’ म्हणतो आणि आजी जेवताना ताटातले देते. मग ताटापाशी येऊ नये हे कुत्र्याने कसे शिकावे? घरातील सर्वांनी एकच शब्द व एकच नियम पाळणे आवश्यक असते.

गावठी कुत्रा शिकत नाही, हेही खरे नाही. आयसर कोलकाता येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, रस्त्यावरील प्रौढ कुत्रे माणसाने हाताने दाखविलेल्या दिशेचा अर्थ कोणत्याही शिक्षणाविना लावू शकतात.

मालकाने ‘वर्चस्व’ गाजविले पाहिजे, हे मत रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधील बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून रूढ झाले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी पुढे दाखवून दिले की, मुक्त लांडग्यांचा कळप हे बहुधा आईबाप व पिल्ले यांचे कुटुंबच असते.

साखळी आणि बिबट्या

दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे भीती वाटली की चावणे एवढाच मार्ग त्याला उरतो. कुत्र्याला अवास्तव आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरविण्याकडे दुर्लक्ष करणे ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार क्रूरता ठरते.

जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात याला आणखी एक पैलू आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेया व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के आढळला. शेळ्या संख्येने कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. रात्री अंगणात बांधलेला कुत्रा स्वतः सुटू शकत नाही आणि बिबट्यालाही घरापर्यंत आणतो. त्याला रात्री पडवीत किंवा बंद खोपीत घेतल्यास तो आतून भुंकून राखण करतोच.

मुले आणि चावा

खाताना, झोपेत किंवा पिल्ले पाजताना कुत्र्याला हात लावू नये, त्याच्या गळ्यात पडू नये, हे मुलांना आधी शिकवावे लागते. लहान मूल व कुत्रा यांना एकटे सोडू नये, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढत नाही.

चावा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर तिखट, चुना वा हळद लावू नये. त्यानंतर विलंब न करता रुग्णालयात जाऊन रेबीज प्रतिबंधक लस घ्यावी. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही जुनी धास्ती अजूनही अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवते; ती पद्धत केव्हाच मागे पडली असून लस आता दंडात दिली जाते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. पाळीव कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात पहिली लस व त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुढील मात्रा देतात.