फलकलेखन : देवनागरीचे एक अलिखित शास्त्र

प्रस्तावना

दुकानाची पाटी, शाळेचा फलक, ट्रकची मागची फळी, निवडणुकीतील भिंत या सर्वांवरील अक्षरे एकेकाळी गावातील एकाच माणसाच्या हातून उतरत. लोक त्यास ‘पेंटर’ म्हणत. हा शब्द मराठीत आडनावासारखा रुळला. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) ‘बाबूराव पेंटर’ म्हणूनच विख्यात झाले. प्रस्तुत लेखात पेंटरच्या कामातील लिपिविषयक ज्ञानाचे स्वरूप व त्याच्या ऱ्हासाची कारणे यांचा थोडक्यात विचार केला आहे.

लेखनाची रीत

पत्र्यास गंज चढू नये म्हणून प्रथम रेड ऑक्साइडचा हात दिला जातो. त्यावर पार्श्वभूमीचा रंग वाळला, की खडू लावलेला दोरा ताणून रेघा उठवतात. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेपासून खाली उतरतात. त्यामुळे शिरोरेषा कोठे घ्यावी, हा पेंटरचा पहिला निर्णय असतो. ‘किराणा व भुसार’ लिहिताना वर वेलांटीस आणि खाली उकारास जागा सोडावी लागते. मूळ अक्षराची उंची साहजिकच घटते. ‘कापड’ या शब्दात अशी अडचण नसल्याने तेवढ्याच पत्र्यावर अक्षर मोठे घेता येते.

दुसरा प्रश्न रुंदीचा. ‘र’ अरुंद, ‘ख’ रुंद. ‘ट’ आणि ‘ठ’ यांच्या दोन्ही बाजूंस शिरोरेषेखाली मोकळी जागा उरते. सर्व अक्षरांना समान घरे दिल्यास शब्द विस्कळीत दिसतो. म्हणून पेंटर मोजपट्टीपेक्षा नजरेवर विसंबून अंतरे ठरवतो. चपट्या ब्रशची रुंदी हीच बहुधा रेषेची जाडी होते, आणि ओल्या रंगास हात लागू नये म्हणून मनगट आडव्या काठीवर टेकलेले असते. संगणकावर तयार अक्षर फलकाच्या मापात बसवण्यासाठी आडवे ताणले, की उभे दंड जाड होतात, आडव्या रेषा मात्र तशाच राहतात. पेंटर अक्षर ताणत नाही. त्या जागेसाठी ते नव्याने रचतो.

ऱ्हासाची कारणे

या व्यवसायाच्या ऱ्हासाचे खापर केवळ फ्लेक्सवर फोडले जाते. ते अपुरे आहे. पेंटरचा संसार अनेक लहान कामांवर चालत असे आणि ती एकेक करून सुटली. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने भिंतींवरील लेखनावर बंधने आणली. वाहनांवरील रंगवलेल्या अंकांची जागा आधी रेडियमच्या चिकटपट्ट्यांनी घेतली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी अनिवार्य झाली. काही तासांत छापून मिळणाऱ्या फ्लेक्सने उरलेल्या पाट्याही नेल्या.

२०२२ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रातील दुकानांचे नामफलक देवनागरी लिपीत व मराठीत असणे, तसेच ती अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसणे बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील दुकानदारांना पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. या तरतुदीने देवनागरीचे स्थान व आकार यांना संरक्षण दिले. अक्षराच्या घडणीविषयी ती काही सांगत नाही. एवढ्या मुदतीत हाताने पाटी रंगवून घेण्यापेक्षा छापून घेणे दुकानदारास सोयीचे, हे उघड आहे.

निष्कर्ष

हे ज्ञान ग्रंथांतून नव्हे, तर ब्रश धुणे व रंग कालवणे यांपासून सुरू होणाऱ्या उमेदवारीतून संक्रमित होत आले. शिकणारा न उरल्यास ते शिकवणाऱ्याबरोबरच संपते. मराठी विभागांनी लिपीचा इतिहास शिकवताना आपल्या गावातील वयोवृद्ध पेंटरांच्या मुलाखती घ्याव्यात, जुन्या पाट्यांची छायाचित्रे मापांसह नोंदवावीत आणि एखादी पाटी रंगवताना प्रत्येक टप्प्याचे चित्रीकरण करावे. यास मोठा निधी लागत नाही. मात्र विलंब परवडणारा नाही. पाटी भंगारात गेली, की तिच्यासोबत अक्षररचनेचा पुरावाही जातो.